बिदाईचा तवा

आर्वीत कुणाच्या घरी लग्न निघालं आणि बिदाईला नत्थूजींचा तवा हवा असला, तर आधी त्यांची एक अट ऐकून घ्यावी लागते. नवऱ्या मुलीला भेटल्याशिवाय नत्थूजी तवा लावत नाहीत. तेही मायबापासमोर नाही. मुलीला अंगणात एकटीला बोलवायचं आणि हे गृहस्थ तिला एकच गोष्ट विचारणार. काय विचारतात ते तिला ठाऊक न् त्यांना. लोक चिडतात. भोंगेवाल्याला कशाला पाहिजेत नसत्या चौकशा, त्यानं सुई ठेवावी न् बाजूला बसावं, असं तोंडावर म्हणतात. काही जण तर उठून दुसरा भोंगेवाला करतात. नत्थूजी म्हणतात, करा बाप्पा. पहिले असे नव्हते ते. पहिले त्यांच्याइतक्या खुशीत तवे वाजवणारा माणूस तालुक्यात नव्हता, आणि आपण काय वाजवतो हे इतकं कमी समजणाराही नव्हता.

तवा म्हणजे ग्रामोफोनची काळी रेकॉर्ड. तबकडी वगैरे पुस्तकात, आमच्याकडे तवाच. नत्थूजींचं दुकान एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत. दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर, एक माइक आणि तवे वाजवायचा जुना चेंजर, एवढ्यावर त्यांची साउंड सर्विस उभी. घरची शेती मोठा भाऊ बघायचा. नत्थूजींचा जीव लहानपणापासून भोंग्यात अडकलेला, त्यांना नांगरामागे उभं करून उपयोग नाही हे घरच्यांनी लवकर ओळखलं.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. नागपुरात अजनीच्या रेल्वे कॉलनीत एक म्हातारे इंजिन ड्रायव्हर, मॉरिससाहेब, घर मोडून मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाले होते. त्यांच्याकडचा अॅम्प्लिफायर बघायला नत्थूजी गेले. मशीन चालू आहे हे दाखवायला साहेबांनी एक तवा लावला, आणि त्यातून अशी गिटार निघाली की नत्थूजी उभ्या जागी उभेच राहिले. तो सूर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर चालत जात नव्हता, घसरत जात होता. रडून थकलेलं लेकरू मधूनच हुंदका देतं, तसा. "ये क्या है साहेब?" त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, कंट्री अँड वेस्टर्न, अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची गाणी. अॅम्प्लिफायर तिथंच राहिला आणि नत्थूजी पोतंभर तवे खांद्यावर घेऊन घरी आले.

"मशीन आणाले गेलते न् तुमी?" लीलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं.

"आयक तं खरी," नत्थूजी म्हणाले, आणि तिला पाटावर बसवून तवा लावला. लीलाबाईंनी अर्धा ऐकला आणि कोणाच्या घरी कोण मेलं, असं विचारून त्या भाजी चिरायला निघून गेल्या. बाई किती नेमकं बोलून गेली होती, हे कळायला पुढं कितीतरी वर्षं जावी लागली.

मग छंदच लागला. पानठेल्यावर ते सांगायचे की मले कंट्रीचा शौक लागला, आणि कंट्री म्हणजे देशी दारू, त्यात आमचा जिल्हा पडला दारूबंदीचा, तेव्हा एक जमादार खरोखरच दुकानात येऊन खोके उघडून पाहून गेला. आत टोपी घातलेला माणूस घोड्यावर बसलेला बघून त्याला काय बोलावं ते सुचेना. तवा संपेपर्यंत बसला, चहा प्याला, गेला. तो काळ कॅसेटचा. लोक तवे माळ्यावरून काढून भंगारात देत होते. नत्थूजी कामठीच्या छावणीत जायचे, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत जायचे, नागपुरात बर्डीवरच्या रद्दीवाल्यांकडे दिवसदिवस उकिडवे बसून ढीग उपसायचे. हिंदी सिनेमाचे तवे निघाले तर दुसऱ्याला देऊन टाकायचे. यांना पाहिजे फक्त कंट्री.

आता गंमत अशी की नत्थूजी शिकले सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षर ओळखू यायचं, अर्थाच्या नावानं शून्य. तेव्हा कंट्री ओळखायची ती कव्हरवरच्या फोटोवरून. टोपी दिसली, घोडा दिसला, आगगाडी दिसली, लाकडी चर्च दिसलं की घ्या. आणि लावायचंही फोटो पाहूनच. घोड्याचे तवे वरातीला, कारण नवरदेव घोड्यावर. चर्चचे तवे साखरपुड्याला, कारण देवाचं काम. आगगाडीचे तवे पंगतीला, कारण त्यात गाडीच्या चाकांचा ठेका असायचा न् त्या ठेक्यावर माणूस भराभर जेवतो. हे त्यांनी पारखून घेतलेलं होतं. आगगाडी लावली की पहिली पंगत कधी उठली ते वाढप्यांना कळायचं नाही. लोक हसायचे, पण बोलवायचे त्यांनाच.

आणि एक तवा होता सगळ्यांच्या वरचा. त्याच्या कव्हरवर नदीचा काठ, काठावर झाड, झाडाखाली पांढऱ्या कपड्यातली एक बाई. डोक्यावरून जाळीचा पदर, हातात फुलं, आणि मान मागे वळवून ती बघते आहे. वळून बघणारी नवरी म्हणजे बिदाई, यात विचारायचं काय. शेजारच्या बबनरावांच्या मंदाचं लग्न होतं, मुलगी रोहण्याला दिलेली. तिला वाटी लावताना, म्हणजे सासरी रवाना करताना, नत्थूजींनी तो तवा पहिल्यांदा लावला. एका बाईचा आवाज, घाई नाही गडबड नाही, आणि मागे ती घसरती गिटार. सारा मांडव रडला. आईच्या मयतीत ज्यांच्या डोळ्याला पाणी आलं नाही ते बबनराव मांडवाचा खांब धरून हमसाहमशी रडले. तेव्हापासून आर्वीत त्या तव्याशिवाय मुलगी निघेना. पुढं नत्थूजींचा मुलगा चंदन मोठा झाला, त्यानं डीजेचे मोठमोठे खोके आणले, वरात-पंगत सगळं त्याच्याकडे गेलं, पण बिदाई आली की लोक म्हणायचे, आता बापाले बोलव. सगळं ठरूनच गेलं होतं. पहिल्या कडव्याला आईच्या गळ्यात पडायचं, दुसऱ्याला उंबरा ओलांडायचा, आणि तिसऱ्या कडव्याला गाडीचं दार लागायचं.

काजल, त्यांची मुलगी, त्या तव्यांतच वाढली. जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं तवे पुसायचं काम तिचं. सुई कुठं अडखळते, कोणत्या तव्यावर कुठं चरा आहे, हे तिला तोंडपाठ. आर्वीच्या कॉलेजात तिनं बी.ए. केलं आणि दोन हजार चारच्या साली तिला तळेगावचं स्थळ आलं. लक्ष्मणरावांचा धाकटा मुलगा पियुष, घरचं खताबियाण्याचं दुकान. थोरला योगेंद्र अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कामावर. आम्हाला काही नको, फक्त मुलगी द्या, असं लक्ष्मणराव म्हणाले, आणि नत्थूजींचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. भोंगेवाल्याची पोरगी अशा घरात जाते म्हणजे काय थोडं झालं? साखरपुडा झाला, तारीख निघाली. काजल त्या सगळ्यात गप्पच होती. नवरी मुलगी गप्प असायचीच. तारीख निघाली त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "बाबा, माह्या बिदाईले तोच तवा लावजा."

"हे काय सांगाची गोष्ट हाय?" नत्थूजी म्हणाले. 

"इसरू नोका पण," काजल म्हणाली. नंतरही दोनतीनदा तिनं आठवण केली, न् दर वेळी नत्थूजींना भरून आलं.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात योगेंद्र अमेरिकेहून आला आणि तळेगावहून मुद्दाम तवे बघायला आर्वीला आला. सरळ स्वभावाचा माणूस. तो राहायचा टेक्सासात, जिथं अशी गाणी रस्त्यावरच्या धाब्यांतसुद्धा वाजतात. आर्वीच्या गल्लीत भिंतभर कंट्री बघून त्याला हसू आवरेना.

"काकाजी, हे तुमी जमवलं?"

नत्थूजींना तर हर्षवायू व्हायचा बाकी. त्यांनी खुर्ची पुसली, चहा मागवला आणि पंगतीचा तवा लावला. योगेंद्र ऐकता ऐकता म्हणाला, हा जेलमधून पळालेल्या माणसाचा आहे. दोघं हसले. वरातीचा लावला. योगेंद्र म्हणाला, याचा घोडा मेला म्हणून हा रडतो आहे. दोघं अजून हसले. नवरदेवासमोर एवढी वर्षं मेलेला घोडा वाजवला, असं म्हणत नत्थूजींनी डोळे पुसले. मग म्हणाले, "आता खरा तवा आयका. आतापावतो तं नुसती कोशिंबीर होती."

सुई टेकली. बाई गाऊ लागली. योगेंद्रचं हसू पहिल्या कडव्यातच विझलं. त्यानं कव्हर हातात घेतलं, त्या पांढऱ्या कपड्यातल्या बाईकडे बघितलं.

"काकाजी, हा कधी लावता तुमी?"

"बिदाईले. आर्वीतली एक पोरगी याच्याबिगर नाई गेली."

"काजलच्या बी?"

"तिनंच तं सांगतलं हाय."

योगेंद्रनं पुढं होऊन स्वतःच सुई उचलली.  त्याला बोलायला जड जात होतं हे दिसत होतं. मग तो खाली बघत सांगू लागला. ही बाई मेलेली आहे काकाजी. ती नदीच्या तळातून गाते आहे. उद्या तिचं लग्न, आणि होणारा नवरा तिला म्हणतो, चल, नदीवर फिरून येऊ. पहिल्या कडव्यात ती तयार होते. दुसऱ्या कडव्यात सांगते, मला त्याची भीती वाटत होती, मी आईला सांगितलं, आई माझ्या कपड्यांना इस्त्री करत होती. मी बापाला सांगितलं, बाप गाडी जुंपत होता. कोणी मान वर केली नाही.

"आन् तिसऱ्यात?" नत्थूजींनी विचारलं.

"तिसऱ्यात तो तिला पाण्यात दाबून धरतो."

 नत्थूजी खुर्चीवर बसायला गेले न् खुर्ची नव्हती तिथं बसू लागले; योगेंद्रनं धरलं म्हणून पडले नाहीत. तिसऱ्या कडव्याला गाडीचं दार लागायचं. तो आवाजच त्यांच्या कानात वाजू लागला, धाड, धाड, एकामागून एक. बबनरावांची मंदा. सोनाराची पोरगी. मास्तरांच्या दोघी. स्वतःची पुतणी. हळदीच्या अंगानं, मुंडावळ्या बांधून, हिरव्या चुड्यात गेलेल्या सगळ्या पोरी, आणि यांनी खुशीखुशीत, सुई साफ करून, आवाज वाढवून, एकेकीला नदीत दाबलं होतं. ज्यानं शुभकार्यात तोंडून वावगा शब्द निघू नये म्हणून जपायचं, त्यानंच भोंग्यावरून गावाला ऐकू जाईल असं मरण वाजवलं होतं.

"जाऊ द्या काकाजी," योगेंद्र म्हणाला. "अठी कोणाले कळते? काजलच्या टायमाले दुसरं काई लावा. मी घरी बोलत नाई." आणि खरंच तो कोणाला बोलला नाही.

नत्थूजींना मात्र घास गिळेना. लीलाबाईंना वाटलं पोरगी जाणार म्हणून बाप हळवा झाला. त्यांना कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले तर डोक्यावर पदर घेतलेली प्रत्येक बाई त्यांना ओळखीची वाटू लागली. एखादी वाळलेली दिसली की काळजात चर्र व्हायचं, ही आपली तर नाही? माहेरी येऊन बसलेली सोनाराची पोरगी समोरून आली तेव्हा ते चक्क गल्लीत वळले. शेवटी राहवेना. लुना काढली आणि सरळ रोहण्याला गेले. पहिल्यांदा तो तवा जिच्यावर वाजला तिला आधी बघायचं होतं. ती नीट असली तर जीव थाऱ्यावर येणार होता.

मंदा आता मंदाबाई झाली होती, अंगानं चांगली भरलेली. अंगणात खाटेवर लुगडं पसरून कुरड्या घालत होती. नत्थूकाकाला बघून तिला आनंद झाला, आणि लग्नाच्या घाईत हा माणूस इकडं कसा, म्हणून काळजीही वाटली. पाणी झालं, चहा झाला. नत्थूजी नुसते तिच्या तोंडाकडे बघत बसले.

"मंदे, तू खुशीत हायेस ना वं?"

"काका, तब्येत बरी हाय ना तुमची?"

"तू सांग तं."

मंदाबाई हसत सुटली. "मले काय धाड भरली? नवरा आयकते, सासू गेली, पोट्टे शिकून राह्यले."

"त्या दिवशी बिदाईले तू लय रडली होती. म्हून इचारलं."

"ते तं तुमच्या तव्याचे उपकार," ती म्हणाली. "मले रडूच येत नोयतं काका. मी तं मनात नाचून राह्यली होती. हेच घर पाह्यजे होतं मले. बाबानं आदी बाजूले बसवून इचारलं होतं, जातं का म्हून. मी हो म्हटलं. आता हो म्हनून कोणी रडते का? पण नाई रडली तं लोक म्हनतीन, पोट्टी बेशरम हाय. तेवढ्यात तुमची ती बाई गाऊ लागली न् मले आपोआप रडू फुटलं."

नत्थूजींच्या छातीवरचा दगड उतरला. येताना लुनावर ते चक्क शीळ घालत होते. तव्यानं काही होत नाही, तवा तो तवा, भिऊन गेलो बावळटासारखा. काजलला दुसरा लावू, एखादा चर्चचा, संपलं. फक्त मंदाच्या बोलण्यातली एक गोष्ट बारीक खड्यासारखी चपलेत शिरली होती न् टोचत होती. बबनरावानं इचारलं होतं म्हणे. आर्वी येईपर्यंत त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

घरी मांडव घातला होता. दुकानात काजल एकटीच बसून तोच तवा पुसत होती, गोल गोल, हळूहळू.

"बयना, हा राहू दे," नत्थूजी म्हणाले. "तुह्या बिदाईले दुसरा लावतो. हा खरखर करते आता."

"नाई करत. मी लावून पाह्यला."

"करते म्हनतो न मी. आयक माहं."

"बाबा, हाच लावा."

तिचा आवाज असा की नत्थूजींना खरं बोलावं लागलं. ते म्हणाले, योगेंद्रनं याचा अर्थ सांगितला, हे अशुभ गाणं आहे, यात मुलगी...

"मले माहीत हाय," काजल म्हणाली.

"काय माहीत हाय?"

"सगळं. कॉलेजच्या पह्यल्या वर्षीच डिक्शनरी घेऊन बसली होती मी."

नत्थूजी भोंग्याच्या खोक्यावर बसले.  "मंग येवढे दिवस बोलली काऊन नाई?"

"तुमाले वाईट वाटलं असतं. लोकं तुमाले हसले असते."

"आन् सोताच्या लग्नात? अर्थ माहीत असून तू मांगं लागली, हाच लावा, हाच लावा? काऊन वं?"

काजल तवा पुसत राहिली.  मग तिनं दुसरं कडवं सांगितलं, गाऊन नाही, साधं बोलल्यासारखं, आपल्या बोलीत. "मायी आई इस्त्री करून राह्यली होती, मी तिले सांगतलं. बाप गाडी जुंपून राह्यला होता, मी त्याले सांगतलं."

सांगताना तिची बाही वर सरकली. मनगटावर आतल्या बाजूला एक लांबोळी खूण होती. नत्थूजींनी ती आधी बघितलेली होती. साखरपुड्याच्या दिवशी दारात हात अडकून हिरवी बांगडी फुटली, असं त्यांना लीलाबाईंनी सांगितलं होतं. फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं, हेही सांगितलं होतं. साखरपुड्यात बांगडी फुटणं अशुभ म्हणून लीलाबाईंनी काचेचे तुकडे वेचून तुळशीपाशी पुरले आणि कुणाला कळू दिलं नाही. नत्थूजींनाही ते पटलं होतं. बांगडी फुटली याची धास्ती दोघांनी घेतली. फुटली कशी, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं.

"दारात नोयती फुटली," काजल म्हणाली. "पाण्याच्या टाकीमांगं बोलावलं होतं पियुषनं. मी माह्या वर्गातल्या पोराशी हसून बोलली होती, फोटो काढाले आलता तो. याने मनगट धरलं न् पिळलं. काच आत जाईपावतो पिळत राह्यला. हसून राह्यला होता बाबा. म्हने, लग्न होऊ दे, मंग तुहं हासनं काढतो."

"आईले..."

"त्याच दिशी सांगतलं. आई भांडे आवरून राह्यली होती. म्हने, तापट असते एखादा, लग्न झालं का निवते. तुमाले दुसऱ्या दिशी सांगाले आली. तुमी मारोतीच्या देवळावर भोंगा बांधून राह्यले होते. मी सिडीखाली उभी होती. तुमी म्हनले, मंग सांगजो."

नत्थूजींना आठवलं. लख्ख आठवलं. दातात तार धरलेली होती, भोंग्याचं तोंड बाजाराकडे करायचं होतं, आणि खाली काजल उभी होती, ओढणीत हात गुंडाळून. तो हात गुंडाळलेला आहे हे त्यांना वरून दिसत होतं आणि दिसलं नव्हतं. मंग सांगजो म्हणून ते पुन्हा तार आवळायला लागले होते.

"म्हून मी इचार केला," काजल म्हणाली, "भासरे, त्याचे मोठे भाऊ, अमेरिकेहून येनार हायेत. त्याईले इंग्रजी कळते. भर मांडवात हा तवा लागला तं त्याईले तरी कळन. गाडीचं दार लागाच्या आदी ते तरी इचारतीन, या पोरीनं हा तवा काऊन मांगतला."

एवढ्या मोठ्या गावात, एवढ्या गोतावळ्यात, आपलं म्हणणं कळवायला पोरीला साता समुद्रापलीकडून येणारा परका माणूस शोधावा लागला, आणि तोही त्याच घरचा. नत्थूजींना अंगावर कोणी उकळतं पाणी ओतल्यासारखं झालं. नदीच्या तळातल्या बाईचं त्यांना एवढं भेव वाटलं होतं, रोहण्यापर्यंत पळत गेले होते ते, आणि बाई इथं दुकानात बसून तवा पुसत होती. त्यांना स्वतःची किळस आली. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"काजल," ते म्हणाले, "तुले जाचं हाय का?"

"नाई."

केवढासा तो सवाल, केवढंसं उत्तर. चहाचा घोट घ्यायला जास्त वेळ लागतो.

नत्थूजी उठले. मांडवाला शिडी लावली आणि स्वतःच्या हातानं बांधलेला भोंगा सोडायला वर चढले. मांडवातले पाहुणे बघत राहिले. लीलाबाई पदराला हात पुसत धावत आल्या. "हे काय करून राह्यले? पत्रिका वाटल्या, हळद दळली, लोकं काय म्हनतीन?"

"तुले तिनं मनगट दाखवलं होतं का नाई?" नत्थूजींनी शिडीवरूनच विचारलं.

 लीलाबाई मांडवाच्या खांबाला टेकून हळूहळू खाली बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. काजल येऊन त्यांच्याजवळ बसली. नत्थूजींनी भोंगा खाली ठेवला, लुना काढली आणि तळेगावचा रस्ता धरला.

लक्ष्मणरावांच्या दारातही मांडव होता. पियुष मोबाइलवर बोलत ओट्यावर फेऱ्या मारत होता. योगेंद्र माळा बांधणाऱ्यांपाशी उभा होता; नत्थूजींचा चेहरा बघून तो जवळ आला. पाणी आलं ते नत्थूजींनी घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाले, "लग्न होत नाई."

लक्ष्मणरावांना आधी आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. मग त्यांचा चेहरा लाल झाला. चारचौघांत आमची इज्जत काढता का, काय कमी पडलं, काय मागितलं होतं आम्ही, असं ते एका दमात बोलत गेले. नत्थूजींनी सगळं ऐकून घेतलं. मग साखरपुड्याची बांगडी कशी फुटली ते सांगितलं, आवाज न चढवता, जे घडलं तेवढंच. पियुषनं फोन खिशात घातला. योगेंद्रनं भावाकडे बघितलं आणि त्याला ती कडवी पुन्हा ऐकू आली असावीत, कारण तो मटकन ओट्यावर बसला.

लक्ष्मणराव मात्र मानायला तयार नव्हते. "येवढं होतं तं पोरीनं तवाच काऊन नाई सांगतलं? तोंड नोयतं का तिले?"

"सांगतलं होतं जी तिनं," नत्थूजी म्हणाले. "मी भोंगा बांधून राह्यलो होतो."